डावखुरी

वहीत लिहिलंय: "फ्रेम ७. १/१२५, एफ ८. ढगाळ. घेवडा विकणारी आजी, डावखुरी." अक्षर माझंच, आकडे कॅमेऱ्याचे: शटर सेकंदाच्या एकशेपंचविसाव्या भागापुरतं उघडं, भिंगाचं छिद्र आठवर. वाईच्या अलीकडच्या एका गावाच्या बाजारात, नोव्हेंबरातल्या एका सकाळी, गुडघ्यावर वही ठेवून खरडलेलं. तीन आठवड्यांनी रोल धुऊन आला. सातव्या चौकोनात आजी होती, घेवड्याचा ढीग होता, डाव्या हातात धरलेली तागडी होती, आणि आजी चांगल्या भरघोस उजव्या हातानं शेंगा पारड्यात टाकत होती.

मी लॅबवाल्याला फोन लावला. स्कॅन करताना निगेटिव्ह उलटी ठेवली गेली असणार, होतं असं कधीकधी. आवाजात जरा धारही आणली. तो शांत माणूस आहे. म्हणाला, "मॅडम, निगेटिव्ह तुमच्याकडे आलीय ना? कडेची अक्षरं वाचून बघा." खिडकीशी पट्टी धरली. कडेला 'इल्फर्ड एचपी५ प्लस' हे फिल्मचं नाव सरळ वाचता येत होतं, आणि अक्षरं सरळ तर चित्रही सरळ. निगेटिव्हमध्येही आजी उजव्या हाताचीच होती. मी "बरं, बरं" म्हणून फोन ठेवला आणि चहा टाकला. चहा उतू गेला तरी मी तिथेच उभी होते, कारण मला ती आजी दिसत होती. स्वच्छ दिसत होती. डावा हात ढिगात खुपसून मूठभर शेंगा उचलणारी, बांगड्या कोपराकडे सरकलेल्या, पदर डोक्यावरून घेऊन उजव्या खांद्यावर...

उजव्या खांद्यावर? पदर डाव्या खांद्यावर असतो. सातारा जिल्ह्यातल्या बाजारात बसलेल्या सत्तरीच्या बाईचा पदर उजव्या खांद्यावर असायचं काहीच कारण नाही. म्हणजे लॅबवाला बरोबर होता, आजी बरोबर होती, निगेटिव्ह बरोबर होती. माझी आठवण तेवढी उलटी छापली गेली होती.

मी तिच्याकडे एकदाही बघितलं नव्हतं.

हा कॅमेरा हाताळलेल्यांना एव्हाना कळलं असेल. माझ्याकडे याशिका मॅट १२४ जी आहे. १९७० साली बाजारात आलेलं हे मॉडेल. नावातला १२४ म्हणजे रोलवर १२ किंवा २४ फोटो. चोवीसवाला लांब रोल आता सहज मिळत नाही, तेव्हा आपले बाराच. एकावर एक दोन भिंगं, दोन मजली घराच्या खिडक्यांसारखी. खालचं फिल्मसाठी, वरचं माझ्यासाठी. वरच्या भिंगामागे तिरपा आरसा आहे, तो चित्र उचलून वरच्या दुधी काचेवर टाकतो. आरसा एकच, त्यामुळे चित्र पायावर उभं राहतं, पण डावं-उजवं बदलून. रस्त्यानं उजवीकडे निघालेला सायकलवाला काचेत डावीकडे जातो. त्याच्यामागे कॅमेरा वळवायला जावं तर तो आणखीच निसटतो. आरशात बघून कपाळावर टिकली लावता येते, पण आरशात बघून स्वतःचेच मागचे केस कापायला घ्या, कात्री भलतीकडे जाते. पहिले तीन-चार रोल माझं तसं झालं. मग हात शिकले. हात शिकले की डोक्याला वाटायला लागतं आपल्याला सगळं सरळच दिसतंय. तिथंच फसगत झाली.

मी तो पुण्याच्या जुन्या बाजारात घेतला, एका रविवारी. बंद पडलेले मिक्सर, पितळी नळ आणि कुणाच्या तरी लग्नाचे अल्बम यांच्यामध्ये तो पालथा पडला होता. (दुसऱ्याच्या लग्नाचा अल्बम पाच मिनिटं उभ्यानं चाळला की दिवसभर कसंतरी होतं. पण चाळल्याशिवाय राहवत नाही.) विकणाऱ्याला त्याचं झाकण कसं उघडतं तेही ठाऊक नव्हतं. मी उघडलं. चार पत्रे खटकन उभे राहिले, आणि त्या चौकोनी विहिरीच्या तळाशी जुना बाजार हलत होता. काचेवर बुरशीचे दोन ठिपके होते, कडा अंधारलेल्या होत्या आणि मधोमध एक माणूस चपला घासाघीस करून घेत होता, अगदी लहान, अगदी रंगीत, काही आवाज न करता. म्हणजे आवाज होताच, कानठळ्या बसतील इतका, पण तो वरून कुठून तरी येत होता आणि खाली तळाशी शांत होतं. मी भाव करायला विसरले. घरी येऊन सांगितलेल्या किमतीतून पाचशे रुपये कमी करूनच सांगितलं, ते अजून उघडकीला आलेलं नाही.

त्यातला प्रकाशमापक मेलेला आहे. त्याला लागणारा पाऱ्याचा सेल बनायचाच बंद झाला. मुंबईत बोराबाजारात एका दुरुस्तीवाल्याकडे शटर साफ करून घेतलं. डोळ्याला भिंग लावून त्यानं आतलं बघितलं आणि "चालवा, अजून माझ्यापेक्षा जास्त चालेल" एवढंच म्हणाला. तेव्हापासून उजेडाचा अंदाज मीच घेते. कडक ऊन असलं तर छिद्र सोळावर, ढग आले तर आठ, वडाखाली चार. काही महिन्यांनी असं झालं की कॅमेरा घरी असला तरी मी उजेड मोजायला लागले. ऑफिसच्या जिन्यात, साठाव्याला पाच-सहा. दवाखान्याच्या बाकावर, तिसाव्याला साडेतीन, हात हलेल. याला छंद म्हणायचं की खूळ, ते घरच्यांनी ठरवून टाकलेलं आहे.

रोल भरणं हा वेगळाच सोहळा. कागदाच्या पाठीवर चिकटलेली फिल्म, कागदावरचा बाण कॅमेऱ्यातल्या ठिपक्यांसमोर आणायचा, मागचं दार बंद करायचं, हँडल फिरवत जायचं आणि एक आकडा आला की ते आपोआप अडतं. प्रत्येक फोटोनंतर हँडल पुढे, अडलं की मागे. बारा झाले की रोल काढून टोकाची डिंकाची पट्टी जिभेनं ओली करून चिकटवायची. तो डिंक पोस्टाच्या तिकिटासारखा लागतो. लहानपणी बाबांची पाकिटं चिकटवायचं काम माझ्याकडे असायचं, ती चव इतक्या वर्षांनी अशी परत येईल असं वाटलं नव्हतं. एक रोल आज हजार रुपयांच्या घरात जातो, धुणं आणि स्कॅन वेगळं. एकेका टिकमागे शंभराची नोट. 'टिक' म्हणते कारण आवाज तेवढाच आहे, नखावर नख आपटल्यासारखा. आरसा जागचा हलत नाही, त्यामुळे एसएलआरमध्ये, म्हणजे फोटो काढताना आरसा उचलला जातो त्या कॅमेऱ्यात, नेमक्या त्या क्षणी होतो तसा काळोख इथं होत नाही. फोटो निघतो तो क्षण तुम्हाला दिसतो. फक्त तुम्ही वरच्या भिंगातून बघता आणि निघतो तो खालच्यातून.

सहा सेंटिमीटरचा चौकोन, नेहमीच्या पस्तीस एमएम फिल्मवरच्या चौकटीच्या साडेतीनपट. त्यात इतकं मावतं की आजीच्या मागच्या पोत्यावरची छापील अक्षरं वाचता आली. ती अक्षरं आधीच बघितली असती तर लॅबवाल्याला फोन करायची वेळ आली नसती. पण माणूस आपल्या आठवणीची बाजू घेऊन भांडायला निघाला की पुरावा समोर असून दिसत नाही.

कराडला आमच्या आळीच्या तोंडाशी एक फोटो स्टुडिओ होता. चौथीच्या स्कॉलरशिपच्या फॉर्मसाठी आई मला तिथं घेऊन गेली होती. आत शिरलं की पावडर आणि हायपो (फोटो पक्का करायचं रसायन) यांचा मिळून एक आंबूस-गोड वास यायचा. खिळ्याला दोऱ्यानं बांधलेला कंगवा, सगळ्या गावाच्या मापाचा एक काळा कोट, पडद्यावर तळं आणि तळ्यात हंस. आम्ही मुलं त्या काकांना 'पोटात बघून फोटो काढणारे' म्हणायचो. त्यांचा कॅमेराही दोन भिंगांचाच, तिवईवर. ते मान खाली घालून त्यात बघायला लागले की समोर बसलेल्याला त्यांचं टक्कल दिसायचं, तेलानं चकाकणारं, दोन्ही दिवे त्यात. त्या फॉर्मवरच्या फोटोत मी हसू दाबते आहे ते त्यामुळे. "खिडकीकडे बघ," ते म्हणायचे. "आता जराशी दाराकडे. हनुवटी खाली. हलायचं नाही." कधी डावीकडे म्हणाले नाहीत की उजवीकडे. खिडकी नाही तर दार.

हे मला याशिका घेतल्यावर तिसऱ्या रोलला कळलं, स्वयंपाकघरात भांडं घासता घासता. काचेत डावं-उजवं उलटं, समोरच्याचं डावं-उजवं आपल्या उलट, त्यात समोर घाबरलेलं पोर. रोज पन्नास माणसं बसवणाऱ्यानं यातून काढलेली ही वाट होती. मी हा शोध भावाला फोन करून सांगितला तर तो म्हणाला, "अगं, चौथीतल्या पोरांना डावं-उजवं कळत नाही म्हणून म्हणत असतील." असेलही. काका आता नाहीत, विचारणार कुणाला. मी माझंच कारण धरून ठेवलंय.

ते काका दुपारी उतरत्या मेजावर निगेटिव्ह ठेवून बारीक टोकाच्या पेन्सिलीनं चेहरे दुरुस्त करायचे. माझ्या गालावर कांजिण्यांचे दोन खड्डे आहेत. फॉर्मवर गेलेल्या मुलीला ते नव्हते. परीक्षेला मात्र खड्डेवालीला बसावं लागलं.

आईचा फोटो मी दुसऱ्याच रोलवर काढला होता. गॅलरीत पाटावर बसून ती मेथी निवडत होती. काचेत तो चेहरा बघताना मला काहीतरी वेगळं वाटत होतं, ओळखीचं आणि बिनओळखीचं एकदमच, जसा आईच्या आवाजात दुसऱ्याच कुणाचा फोन यावा. प्रिंट आली तेव्हा ते वेगळेपण त्यात नव्हतं, नेहमीची आई होती. प्रिंट बघून आई म्हणाली, "मी अशी दिसते? तोंड वाकडं आलंय." आजीच्या प्रकरणानंतर मला हे आठवलं आणि मी पुन्हा आईचा फोटो काढून समोर ठेवला. आपला चेहरा आपल्याला ठाऊक असतो तो आरशातला. बाकी सगळ्या जगाला ठाऊक असतो तो दुसरा. फोटोत आपण वाकडे येतो ते यामुळेच. भांग भलत्या बाजूला, भुवई भलती वर. पण माझ्या काचेत तर आरसाच बसवलेला आहे. म्हणजे त्या दुपारी दुधी काचेवर मला आई दिसली ती तशी, जशी ती फक्त तिची तिला दिसते, सकाळी कपाट अर्धं उघडून त्यातल्या आरशात कुंकू लावताना. तिच्या त्या चेहऱ्याशी माझी इतक्या वर्षांत ओळखच झाली नव्हती. फिल्मनं तो घेतला नाही. फिल्मनं माझ्या ओळखीचा घेतला.

यावर खूप वेळ खूश होते. मग मनात आलं, पण मेथी निवडता निवडता आई काही बोलत होती का त्या वेळी? आठवत नाही. विहिरीच्या तळाशी आवाज नसतो.

या घराण्यातला मूळपुरुष म्हणजे १९२९ सालचा रोलीफ्लेक्स, जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगचा. पुढे जगभरच्या वार्ताहरांच्या आणि लग्नाच्या फोटोवाल्यांच्या गळ्यात तोच किंवा त्याची नक्कल असायची. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून शिकलेल्या वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला साडी नेसून दिल्लीभर फिरायच्या, त्यांच्या कॅमेऱ्यांत एक रोलीफ्लेक्स होता. मला आता एकच गोष्ट सुचते: नेहरूंच्या अचकनीवरचा गुलाब त्यांना काचेत भलत्याच बाजूला दिसला असणार. त्यांच्या आठवणीत तो कुठल्या बाजूला राहिला असेल? बहुधा बरोबर बाजूला. त्या काही माझ्यासारख्या काचेत बुडालेल्या बाई नव्हत्या, पुढच्या मिनिटाला दुसरा फोटो काढायचा असायचा.

बुडालेली कुणी असेल तर ती शिकागोची व्हिव्हियन मायर. दुसऱ्यांची मुलं सांभाळायची आणि गळ्यात रोलीफ्लेक्स अडकवून रस्त्यावर फिरायची. कॅमेरा पोटाशी, मान खाली. समोरच्याला वाटावं, बाई पर्समध्ये काहीतरी शोधते आहे. निगेटिव्ह लाखावर, आणि कित्येक रोल तर धुतलेच नव्हते. २००९ साली ती गेली त्या सुमाराला जगाला पत्ता लागू लागला. लोक ही गोष्ट हळहळत सांगतात, की बिचारीनं आपलेच फोटो बघितले नाहीत. मीही पूर्वी हळहळायचे. आता वाटतं, काचेत बघून झालं होतं तिचं. न धुतलेला रोल माझ्याही फ्रिजच्या दारात दोन महिने पडून राहतो, लोणच्याच्या बरणीशेजारी, आणि मला त्याची घाई नसते. ज्यांचे फोटो काढले त्यांना मात्र असते. त्या आजीला होती.

कारण त्या दिवशी ती दोन वाक्यं बोलली होती आणि ती दोन्ही मी वहीत लिहिली नाहीत. पहिलं, मी काचेत वाकलेली असताना: "आगं, मला बघायचं सोडून डब्यात काय बघतियास?" मी काचेतल्या काचेत हसले. दुसरं, टिक झाल्यावर. तिनं हात पुढे केला, "दाव." मी म्हटलं, आजी, यात लगेच दिसत नाही, धुवायला लागतं. तिनं माझ्याकडे, आणि मग डब्याकडे, बघितलं. भाजी न घेता भाव विचारून निघालेल्या गिऱ्हाइकाकडे बघतात तसं. "मग काढलास कशाला?"

त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं म्हणून मी पाव किलो घेवडा घेतला.

भोगीच्या आधीच्या बाजाराला मी प्रिंट घेऊन गेले. गर्दी मरणाची. घेवडा, पावटा, हरभरा, गाजरं, सगळ्यांना भोगीच्या भाजीसाठी सगळंच हवं. आजी त्याच जागी होती. कॅमेरा पिशवीतच ठेवून मी बाजूला थांबले आणि तीन गिऱ्हाइकं होईपर्यंत नुसती बघत राहिले. तागडी डाव्या हातात, शेंगा उजव्या हातानं. काटा सरळ झाला की वर आणखी चार शेंगा, त्या न मोजता. पैसे मात्र ती घ्यायची डाव्या हातानं, न बघता, आणि कमरेच्या पिशवीत टाकताना अंगठ्यानं नोटेचा कागद चोळायची. हे काचेत मला दिसलंच नव्हतं. बहुतेक मी चौकोनाच्या बाहेर ठेवलं होतं.

प्रिंट तिनं लांब धरून बघितली. आधी तागडी बघितली. मग ढीग. मग म्हणाली, "ही मागं आमची जाऊ हाय. हिला कशापायी घेतलीस?" जाऊ चार हातांवरच बसली होती, तिनं ऐकलं आणि मान फिरवली. स्वतःबद्दल आजी काही बोलली नाही. पदराला पुसून प्रिंट वजनांच्या डब्याखाली सरकवून ठेवली. मग बोटानं माझ्या पिशवीकडे दाखवलं. "त्या डब्यात काय दिसतं, दाव."

मी पट्टा तिच्या गळ्यात घातला, झाकण उघडलं, आणि स्वतः समोर जाऊन उकिडवी बसले. आजी वाकली. बराच वेळ काही बोलेना. मला तिच्या डोक्यावरचा पदर तेवढा दिसत होता, आणि भांगातले पांढरे केस. गिऱ्हाईक भाव विचारत होतं, तिला ऐकू जात नसावं.

"आगं बया. हालतंय की समदं." मग आणखी थोड्या वेळानं, मान वर करून, जरा चिडून: "रंगीत दिसतंय हे. आन मला काळी-पांढरी काढलीस व्हय?"

मला धड उत्तर याही वेळी सुचलं नाही. रोलवर एक फोटो उरला होता. अंतर लावून दिलं, बटण दाखवलं. तिनं ते उजव्या हाताच्या अंगठ्यानं दाबलं, पाणीपट्टीच्या पावतीवर उठवावा इतक्या जोरानं. टिक. "निघाला?" म्हटलं, निघाला. "कंदी दावतीस?"

तो फोटो गेल्या आठवड्यात आला. इतक्या जवळून वरचं भिंग बघतं ते खालच्याला दिसत नाही, दोघांत दोन बोटांचा फरक आहे. जवळच्या फोटोला कॅमेरा तेवढा वर उचलायचा असतो, हे आजीला सांगायचं राहून गेलं. त्यामुळे मी भुवयांपासून खाली आहे. वर कपाळ नाही, डोकं नाही. मागे गाजरांचा हातगाडा आहे आणि त्याच्या कडेला जाऊ, या खेपेला स्वतःहून चौकोनात आलेली, तोंडाला पदर लावून हसणारी. अंगठ्याच्या दणक्यानं कॅमेरा हलल्यामुळे सगळंच थोडं पुसट आहे. वहीत लिहिलंय: "फ्रेम १२. १/६०, एफ ५.६. आजीनं काढलेला." दोन प्रती काढायला सांगितल्यात, एक जावेसाठी.